गेटवरचा मामा, लॉबीतली भाची

गोंदिया स्टेशनात उतरणारी काही मंडळी गोंदिया जिल्हा पाहतच नाहीत. बाहेर गाडी तयार असते, त्यात बॅगा जातात आणि बालाघाट-बैहर करत ती थेट कान्ह्याकडं निघतात. तिथं बंजार नदीच्या काठाला ताज समूहाचं ‘बंजार टोला’ आहे. राहायचं तंबूत, पण पंचतारांकित खोलीत जे जे असतं ते सगळं त्या तंबूत. गोंदियाच्या वाट्याला या पाहुण्यांचा फार तर चहाचा खर्च येतो.

तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्याला असं काही नाही. गाव, मोठा तलाव, धानाच्या बांध्या आणि नागझिरा अभयारण्यात शिरायचं एक गेट. थंडीत तलावावर बदकं उतरतात, त्यांच्यामागं कॅमेरेवाले येतात. नागझिरा ओळखला गेला तो मुळात वीज नसलेल्या विश्रामगृहांसाठी. व्यंकटेश माडगूळकरांच्या आणि पुढं किरण पुरंदऱ्यांच्या लेखनानं पुण्या-मुंबईच्या वाचकाला या जंगलाची ओढ लावली, तीही असल्या अंधारासकट. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून इथं सोडल्या, तशी गेटवरची वर्दळ वाढली. पंचतारांकित हॉटेल मात्र गेटशी नाही.

तरीही ऐशआरामी हॉटेलांतल्या नोकरीचा वाद मी ऐकला तो इथल्याच एका अंगणात. मामा गेटवर गाइड. भाची मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात फ्रंट ऑफिसला. नावं घालत नाही. खरं सांगायचं तर या दोघांच्या तोंडी इतर चार घरांत ऐकलेलं बोलणंही मी घातलं आहे. भाची दिवाळी उलटून गेल्यावर आली होती, मंडईपुरती, म्हणजे गावच्या जत्रेपुरती. दिवाळीत तिचं हॉटेल भरलेलं असतं, तेव्हा रजेचं नाव काढायचं नाही.

“दिवाळीले घर नाई, नव्या वर्साले घर नाई,” मामांनी तिथूनच सुरुवात केली. “साऱ्या दुनियेचा सण तू साजरा करून देते. अन् आपला?”

“मामा, भाऊबीजेला तुम्ही कुठं होता?”

मामा गप्प. भाऊबीजेला ते गेटवर होते. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी, दोन्ही. दिवाळीच्या सुट्ट्यांतच तर नागझिऱ्याला गर्दी.

“माझं अलग हाये,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “मी रात्री आपल्या घरी जेवतो.”

इकडच्या बऱ्याच घरांत मामा भाचीच्या पाया पडतो. वयानं कितीही मोठा असो, भाची आली की वाकायचं. मामांचं मूळ दुखणं हेच होतं, पैसा नव्हे. “ज्या पोरीच्या मी पाया पडतो, ते पोरगी कोनाच्याही बॅगा उचलते!”

“बॅगा मी नाही उचलत. बेल डेस्कची मुलं उचलतात.”

“तेही कोनाचे तरी भाचेच असतीन ना?”

याला उत्तर नव्हतं आणि भाचीनं ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. तिनं विषय आपल्या बाजूला ओढला. “मामा, माझ्या कोटावर पाटी असते. त्यावर फक्त माझं नाव. आडनाव नाही. इथं गावात मला कुणी पहिल्यांदा भेटलं की काय विचारतं? कोणाची गं तू? मग आडनाव. मग घर कुठल्या मोहल्ल्यात. तिथं लॉबीत उभी असते तेव्हा मी फक्त मी असते. गावच्या पंगतीत कुणी वाढायचं आणि पत्रावळी कुणी उचलायच्या हे आधीच ठरलेलं असतं, नाही का? तिथं प्लेट उचलणारा कोण आहे ते कुणाला ठाऊक नसतं, आणि त्याला ती उचलायची ट्रेनिंग दिलेली असते.”

“पाटीवर नसते आडनाव. तुमच्या जेवनाच्या खोलीत विचारतेतच ना?”

“विचारतात,” ती म्हणाली. “पण कामं त्यावरून वाटत नाहीत.”

मला वाटतं, वादातला सगळ्यात मोलाचा तुकडा हा होता आणि तो दोघांनी चहाच्या दोन घोटांत संपवला. हॉटेलच्या नोकरीला ‘दुसऱ्यांचं उष्टं काढणं’ म्हणणाऱ्या आपल्या समाजात हे उष्टं आजवर कुणी काढलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही. बारा वर्षं शाळा आणि तीन वर्षं कॉलेज करून, फी भरून, इस्त्रीच्या कपड्यात तेच काम केलं की त्याला हुद्दा मिळतो, वर जाण्याची वाट मिळते. फरक कामात नाही, त्या वाटेत आहे. ती वाट किती खरी, हाच पुढचा वाद.

भाचीचा पहिला पुरावा शिक्षणाचा. मुंबईत १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं हॉटेल व्यवस्थापनाचं शिक्षण सुरू झालं. तीच आजची दादरची सरकारी संस्था, जुनी माणसं अजून ‘दादर केटरिंग’ म्हणतात ती. अशा केंद्रीय संस्थांसाठी बारावीनंतर एक देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते. शाखा कोणतीही चालते, विज्ञानच लागतं असं नाही. अभ्यासक्रमात काही महिने थेट हॉटेलात राबावं लागतं, त्या ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग’ला मुलं ‘आयटी’ म्हणतात. कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नाही. स्वयंपाकघर, वाढप, हाऊसकीपिंग, फ्रंट ऑफिस, चारही ठिकाणी फिरवतात.

“पहिले पंधरा दिवस मी फक्त ग्लास पुसले,” भाची सांगत होती. “गरम पाण्याची बादली. ग्लास पाण्यात घालायचा नाही, वाफेवर धरायचा. मग सुती कापड, धागे न सुटणारं. एका हातात कापडासकट बूड, दुसऱ्या हातानं आत कापड घालून फिरवायचं. बोट काचेला लागता कामा नये. मग दिव्याच्या उजेडाला धरायचा. डाग दिसला की परत वाफ. रात्रीच्या पार्टीला असे चारशे-पाचशे.”

“अन् याची फी भरली तुझ्या बापानं?”

“हो,” ती हसली. “आणि अंथरूण घालायचीही भरली. थांबा.” तिनं आतून चादर आणली आणि बाजेवर घालायला घेतली. गादीच्या खाली कडा खोचली, कोपऱ्याजवळची चादर तिरकी उचलून गादीवर ठेवली, लोंबणारा भाग आत घातला, वरचा खाली पाडला आणि तळहातानं दाबून धार काढली. पाकिटाच्या घडीसारखा कोपरा झाला. “ओढून पाहा.”

मामांनी ओढली. निघाली नाही. मग दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा बाज हलली.

“झोपनारा तं रात्री लात मारून सारं काढूनच टाकते ना?”

“काढतोच. सकाळी पुन्हा घालायचं. एका माणसाला दिवसाला चौदा-पंधरा खोल्या. बाथरूमसकट.”

एवढं ऐकून मामांचा आवाज जरा खाली आला. दिवसाला पंधरा खोल्या म्हणजे काय ते रोवणीत वाकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण वाद थांबला नाही. उलट मामांना नवा मुद्दा मिळाला. कमरेचं काम इथंही आहे, मग त्यासाठी मुंबई कशाला?

इथं मी मध्ये तोंड घातलं, कारण मला एक जुना लेख आठवत होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या ताजमधल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना वाचवण्यासाठी जिवाची बाजी लावली. बाहेर पडायच्या वाटा त्यांना ठाऊक होत्या, तरी ते थांबले, आणि काही जणांचा त्यात जीव गेला. असं कसं घडलं, याचा अभ्यास हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट चोरखमाऱ्याच्या अंगणात सांगावी अशीच आहे. पाहुण्यांसमोर उभी राहणारी माणसं हा समूह महानगरांतून कमी आणि लहान शहरांतून जास्त घेतो, असं त्यांना दिसलं. मुंबईपेक्षा पुणं, दिल्लीपेक्षा डेहराडून. निवडताना तीन गुण पाहतात. थोरामोठ्यांबद्दल आदर, हसतमुखपणा आणि गरज. इतर हॉटेलं नव्या माणसाला साधारण बारा महिने शिकवतात, इथं अठरा.

“गरज?” मामा म्हणाले. “म्हंजे गरीब पाहून घेतेत?”

“गरीब असं नाही. ज्याच्यावर घर अवलंबून आहे असा,” मी सांगू लागलो.

“तेच ना मंग. गेटवर आमच्याकडे रिसॉर्टवाले पोरं मागाले येतेत ना, तेही असंच पाहतेत. ज्याच्या घरी दोन एकरही नाई, तो पोरगा टिकते, तो कुठं जात नाई. गरज त्याची, फायदा त्याईचा.”

भाचीनं मान हलवली. “मामा, गरज नसलेली मुलं माझ्यासोबत होती. शहरातली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. पहिल्या नाइट शिफ्टनंतर निम्मी गळाली. रात्री अकरा ते सकाळी सात, उभं राहून. पहाटे चारला विमानतळावरून येणारा पाहुणा चिडलेला असतो आणि तुम्ही हसायचं असतं. मी टिकले कारण मला परत येऊन काय करायचं ते माहीत होतं. काहीच नाही! गरज माझी होती म्हणूनच मी शिकले.”

दोघंही बरोबर बोलत होते, पण वेगवेगळ्या वर्षांबद्दल. गरज माणसाला पहिली दोन-तीन वर्षं ओढून नेते. पाचव्या वर्षीही तीच गरज तेवढीच असेल, हातात पगार तेवढाच असेल आणि पाटीवरचा हुद्दा तोच असेल, तर मामांचं म्हणणं खरं ठरतं: मालकाला पाहिजे होती ती गरजच, माणूस नव्हे. म्हणून या धंद्यात शिरणाऱ्या मुलानं आपण कुठल्या हॉटेलात आहोत याचा अभिमान बाळगण्याआधी आपण कुठल्या पायरीवर आहोत आणि वरची पायरी किती वर्षांनी, हे विचारावं. स्वयंपाकघरात ती उतरंड स्पष्ट आहे: तिसरा कॉमी, दुसरा, पहिला, मग शेफ द पार्टी, मग सू शेफ. हात चांगला असला की तिथं इंग्रजी अडवत नाही. फ्रंट ऑफिसला अडवते. हाऊसकीपिंगला सुपरवायझरपर्यंत माणूस जातो आणि तिथं बऱ्याचदा वर्षानुवर्षं थांबतो, कारण त्याच्या वरच्या जागा मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून थेट घेतलेल्या मुलांकडं जातात.

भाचीला ही उतरंड पाठ होती, पण तिला मोठी नावं सांगायची होती. ती सांगण्यात आनंद असतो, हे कबूल. मोहनसिंग ओबेरॉय १९२२ मध्ये सिमल्याच्या सेसिल हॉटेलात महिना पन्नास रुपयांवर कारकून होते. १९३४ मध्ये बायकोचे दागिने गहाण टाकून त्यांनी क्लार्क्स हॉटेल घेतलं. आपले विठ्ठल कामत उडुपी खानावळीच्या गल्ल्यापासून पार्ल्याच्या विमानतळाशेजारच्या ‘ऑर्किड’पर्यंत आले. १९९७ चं ते हॉटेल पर्यावरणस्नेही पंचतारांकित म्हणून आशियात गाजलं, आणि ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे त्यांचं पुस्तक मराठी घराघरांत गेलं. आणि सगळ्यांचा आजोबा सेझार रिट्झ. स्वित्झर्लंडमधल्या नीडरवाल्ड या खेड्यातला, शेतकऱ्याचं तेरावं पोर. त्याच्या नावानं पॅरिसमध्ये १८९८ मध्ये हॉटेल उघडलं आणि त्याचं आडनाव इंग्रजीत ऐषआरामाचं विशेषण होऊन बसलं.

“तेरावा!” मामांना हे आवडलं. “मंग पुढं?”

पुढचं भाचीला माहीत नव्हतं, किंवा कॉलेजात कुणी सांगितलं नसावं. १९०२ मध्ये लंडनला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची जय्यत तयारी रिट्झनं केली होती. दोन दिवस आधी राजाचं ऑपरेशन निघालं, समारंभ पुढं गेला, आणि रिट्झ कोसळला. मनानं तो त्यातून कधीच नीट सावरला नाही. राहिलेली वर्षं तो स्वतःच्या हॉटेलांपासून दूरच होता. १९१८ मध्ये गेला.

“दुसऱ्याच्या लग्नात इतकं मरून काम करू नये,” मामा म्हणाले.

कामत आणि ओबेरॉय यांच्याबद्दल मामांचं मत वेगळंच होतं. “हे सारे मालक झाले. तुझ्यासारखी नोकरी करून मालक कोन झालं ते सांग.” हा टोला बसला. खरंच, हॉटेलच्या शिक्षणात या गोष्टी प्रेरणा म्हणून सांगतात त्या जवळजवळ सगळ्या मालकांच्या असतात. भांडवल, दागिने, वडिलांची खानावळ, काहीतरी हाताशी होतं. पगारावर राहून जनरल मॅनेजर झालेली माणसंही आहेत, भरपूर आहेत, पण त्यांच्यावर पुस्तकं निघत नाहीत. चोरखमाऱ्याच्या पोरीनं आदर्श घ्यायचा तर त्यांचा घ्यावा.

पैशाचं बोलणं भाचीनं टाळलं, मामांनी टाळू दिलं नाही. सुरुवातीच्या पगारात मुंबईत खोलीचं भाडं भागवून फारसं उरत नाही, हे तिनं मान्य केलं. जेवण हॉटेलच्या स्टाफ कॅन्टीनमध्ये, कपडे हॉटेलच्या लाँड्रीत, म्हणून निभतं. टिप मिळते ती वाढप्यांना आणि बेल डेस्कला. फ्रंट ऑफिसच्या हाताला फार काही लागत नाही. बिलात लावायचं सेवाशुल्क काही ठिकाणी कर्मचाऱ्यांत वाटलं जायचं. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ते आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मनाई उचलून धरली. ग्राहक म्हणून मी त्या निकालानं खूश झालो होतो. त्या शुल्कातला वाटा ज्यांच्या खिशात जायचा त्यांच्या पगारवाढीबद्दल मात्र कुठं बातमी वाचली नाही.

“अन् दोन हजार वीस?” मामा म्हणाले. “सारे पोट्टे परत आले का नाई? हॉटेलं बंद, पगार बंद. कोनी खत टाकाले लागलं, कोनी मोहफूल वेचाले गेलं.”

“आले. मग परत गेलेही,” भाची म्हणाली. “तुमचं गेटही तेव्हा बंदच होतं ना?”

गेट तर दरवर्षी पावसाळ्यात बंद होतं. जुलै ते सप्टेंबर मामा धानात असतात. त्यांच्या मते हाच त्यांच्या बाजूचा भक्कम पुरावा. “मले दोन पाय हायेत, एक जंगलात, एक बांधीत. तुले एकच. तो घसरला का तू पडली.” भाचीचं म्हणणं, एका पायावर उभी असली तरी ती वर तरी चालली आहे, मामा कैक वर्षं त्याच गेटवर, तोच खाकी शर्ट, तीच फेरीमागची रक्कम. कुणी त्यांना सीनियर गाइड केलं का? हेड गाइड केलं का? इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यासोबत बाहेरून आलेला ‘नॅचरलिस्ट’ बसतो आणि मामा मागच्या सीटवर.

हे मामांना लागलं. आणि इथून वाद हॉटेलावरून सरकून चोरखमाऱ्यावर आला.

कारण हा नॅचरलिस्ट काय करतो ते मामांना पाठ आहे. तेच ते स्वतः करतात. चितळ एकदाच ओरडलं की थांबून-थांबून, ते ऐकायचं. वानर झाडावर कुठल्या बाजूला तोंड करून खाकरतं ते पाहायचं. ड्रायव्हरला हातानं थांबवायचं, गाडी बंद, बोलणं बंद. आणि मागं बसलेल्या आजीबाईंना ऊन लागतंय हे वाघ दिसायच्या आधी पाहायचं. जिप्सी सावलीत घ्यायला सांगायची. मागच्या सीटवरचा लहान मुलगा कंटाळलाय, त्याला वाळवीचं वारूळ दाखवायचं. वाघ दिसलाच नाही तर उतरताना पाहुण्याला पैसे वाया गेले असं वाटू नये, म्हणून तलावावरचा मासेमार गरुड राखून ठेवायचा.

“मामा, यालाच आम्हाला दीड वर्ष शिकवतात,” भाची म्हणाली. “पाहुण्यानं मागायच्या आधी त्याला काय पाहिजे ते ओळखणं. त्याची परीक्षा असते, गुण असतात.”

“अन् मले?”

“तुम्हाला कुणी गुण दिले नाहीत.”

मामांना हे सांत्वन वाटलं नाही, वाटायलाही नको होतं. त्यांनी सरळ विचारलं, “मंग उद्या तुमच्यासारखा मोठा लॉज आमच्या गेटवर आला तं मले कुठं ठेवतीन? टेबलावर का फाटकावर?”

ऐशआरामी हॉटेलं जंगलाच्या दारी आली की काय होतं, याचा नमुना शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. ताज समूहानं २००६ मध्ये बांधवगडला ‘महुआ कोठी’ उघडली. तिथल्या बारा खोल्यांना कुटिया म्हणतात. मातीचा पोत, कौलारू छप्पर, अंगण. थोडक्यात, मामा ज्या अंगणात बसले होते तसलं अंगण, फक्त आत वातानुकूलन. पाठोपाठ पेंचला ‘बाघवन’, कान्ह्याला ‘बंजार टोला’, पन्न्याला ‘पाषाणगढ’. नावंसुद्धा सगळी झाडाझुडपांची, टोल्या-पाषाणांची. पाहुण्याला हवं असतं ते आपलं गाव, आपल्या गैरसोयी वजा करून. त्यात चूक काही नाही. शेवटी विकायला तेच आहे आणि ते चांगलं विकलं जातं. पण त्या कुटियेत स्थानिक माणूस कुठं उभा आहे, यावर सगळं ठरतं. बागेत, गाडीत आणि धुण्यात तो असतोच. टेबलामागं, हिशेबात आणि शेफच्या टोपीत किती असतो?

भाचीची यावर ठाम योजना होती. आठ-दहा वर्षं मुंबईत आणि जमलं तर परदेशात काढायची, रूम्स डिव्हिजनचा अनुभव घ्यायचा आणि मग असल्या एखाद्या लॉजवर मॅनेजर म्हणून यायचं. “तेव्हा तुम्हाला मी टेबलावर बसवीन.”

“तोवर मी रिटायर,” मामा म्हणाले. “अन् तू येत नाईस. जे गेले ते कोन परत आलं? तिरोड्यात एवढा मोठा वीज प्रकल्प आला, त्याच्यासाठीही मोठे साहेब बाहेरूनच आले. हॉटेलाचंही तसंच होईन.”

मामांचा पर्याय वेगळा होता. गावातल्या चार-पाच घरांनी दोन-दोन खोल्या नीट कराव्यात, संडास-बाथरूम चकचकीत ठेवावं, पितळी ताट, तांदळाची भाकर, गावातल्या तलावाची मासोळी, आणि गाइड घरचाच. पाहुणा देईल तो पैसा घरात येईल. भाचीनं यावर ताबडतोब हॉटेलवाल्या डोळ्यानं पाहिलं. चादरी किती जोड? पाहुणा दुपारी तीनला आला आणि आदला पाहुणा दोनला गेला तर मधल्या तासाभरात खोली कोण करणार? एकाला शाकाहारी, एकाला बिनकांद्याचं, एकाच्या मुलाला मध्यरात्री ताप? “मामा, चांगलं मन पुरत नाही. दर वेळेला तसंच चांगलं असावं लागतं. त्याचंच नाव धंदा.”

“मंग ते शिकवाले तू ये ना!”

“पगार कोण देईल?”

मामांकडं याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. पण मला विचाराल तर माझं मत भाचीच्या बाजूनं झुकतं, मामांची एक अट मान्य करून. मुलांनी जावं. पाहुण्याशी कसं बोलायचं, खोली कशी सोडायची, तक्रार कशी ऐकायची, हे ज्ञान चोरखमाऱ्यात घरबसल्या मिळत नाही, आणि ते नसेल तर उद्या गेटवर काहीही उभं राहिलं तरी त्यात गावकरी फाटकावरच राहील. अट एवढीच, की जाताना डोळे उघडे ठेवावेत. ‘गरज’ म्हणून निवडलं जाणं ही सुरुवात असायला हरकत नाही. पाच वर्षांनी निवडीचं कारण कसब असलं पाहिजे. तसं दिसलं नाही तर हॉटेल बदलावं, शहर बदलावं, कोटाचा रंग बदलावा. या धंद्यात वर चढणारी बहुतेक माणसं असंच करतात. एका हॉटेलाशी जन्मभर निष्ठा ही मालकाच्या सोयीची गोष्ट आहे.

मामा-भाचीचं अखेर पटलं नाही. रात्री दोघं मंडईतलं नाटक पाहायला एकत्र गेले, आणि वाटेतही तेच चालू होतं, असं मागाहून कळलं.

तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी इकडच्या ज्या घरांत यंदा कुणी बारावीला आहे, त्यांना सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेला बारावीत इंग्रजी विषय असावा लागतो, आणि पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. म्हणजे इंग्रजीची तयारी अकरावीपासूनच धरा. एवढी वर्षं आणि एवढी फी परवडत नसेल, तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना २००९ पासून आहे. त्यात आठवी झालेल्या मुलामुलींना स्वयंपाक, वाढप, हाऊसकीपिंग असे काही आठवड्यांचे अभ्यासक्रम मोफत, वर विद्यावेतन. कुठल्याही खाजगी कॉलेजात पैसे भरण्यापूर्वी तिथल्या गेल्या तीन वर्षांच्या मुलांचे फोन नंबर मागा आणि त्यातल्या दोघा-तिघांना स्वतः फोन करा: आज कुठल्या हॉटेलात आहेस, कुठल्या हुद्द्यावर, आणि हातात किती येतात? जे कॉलेज नंबर द्यायला टाळाटाळ करेल, तिथं पैसे भरू नका.